फर्नान्दो रेय : सहा शनिवार, सहा चित्रपट. क्रम कसा लावावा, कुठली प्रत घ्यावी?

पडद्यामागून

नमस्कार मंडळी. आमच्या चित्रपट मंडळात यंदा एकाच नटावर सहा शनिवार करायचं ठरलंय आणि नाव निघालंय स्पॅनिश नट फर्नान्दो रेयचं (१९१७–१९९४). बहुतेक सभासदांना तो 'द फ्रेंच कनेक्शन'मधला दाढीवाला, छत्रीवाला हेरॉइनचा व्यापारी एवढाच माहीत आहे. स्पॅनिश दिग्दर्शक लुइस बुन्युएलचे चित्रपट एकदोघांनीच पाहिलेत.

सभागृह अडीच तास मिळतं. त्यातला पाऊण तास चर्चेला ठेवतो, म्हणजे चित्रपट १०५ मिनिटांच्या आत बसायला हवा. अगदीच गरज पडली तर एका शनिवारी अर्धा तास वाढवून मिळेल. माझ्या यादीत सध्या 'विरिदियाना', 'त्रिस्ताना', 'डिस्क्रीट चार्म ऑफ द बुर्झ्वाझी', 'दॅट ऑब्स्क्युअर ऑब्जेक्ट ऑफ डिझायर' (हे चारही बुन्युएलचे) आणि 'फ्रेंच कनेक्शन'चे दोन्ही भाग आहेत.

अडचणी दोन. सालवार लावू की ओळखीच्या चित्रपटापासून सुरू करू? आणि एकाच चित्रपटाच्या स्पॅनिश, फ्रेंच, इटालियन, इंग्रजी अशा सगळ्या ध्वनिपट्ट्या सापडतात. त्यातली 'खरी' कुठली धरायची?

---

रीळ नंबर सात

छान विषय. यादीतून 'फ्रेंच कनेक्शन २' काढा आणि तिथे कार्लोस साउराचा 'एलिसा, विदा मिया' (१९७७) घाला. फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट अभिनेत्याचं पारितोषिक रेयला याच चित्रपटासाठी मिळालं. रेयवर कार्यक्रम आणि त्यात 'एलिसा' नाही, हे पटत नाही. लांबी सुमारे १२५ मिनिटं आहे, तेव्हा तुमचा तो जादा अर्धा तास इथे खर्च करा. दुसरा 'कनेक्शन' ११९ मिनिटांचा. जॉन फ्रँकेनहायमरने मार्सेयमध्ये चांगला केलाय, पण तो पोलिसाचं काम करणाऱ्या जीन हॅकमनचा चित्रपट आहे. रेयला त्यात नवं काही करायला मिळत नाही.

सुरुवात 'विरिदियाना'पासून (१९६१, ९० मिनिटं). कारण व्यावहारिक आहे. त्यात फर्नान्दो रेय आणि फ्रान्सिस्को राबाल दोघंही आहेत. रेय हा दोन हाइमे ('दोन' म्हणजे स्पॅनिश 'श्रीयुत'), वाड्याचा मालक. राबाल त्याचा मुलगा होर्हे. हे दोन चेहरे प्रेक्षकांच्या डोक्यात पक्के बसले की पुढच्या शनिवारी 'फ्रेंच कनेक्शन'ची (१९७१, १०४ मिनिटं) पात्रनिवड सांगायला मजा येते. दिग्दर्शक विल्यम फ्रीडकिनला हवा होता राबाल. त्याने तो बुन्युएलच्या 'बेल द झूर'मध्ये पाहिला होता, पण नाव आठवत नव्हतं. पात्रनिवड करणाऱ्या माणसाने 'बुन्युएलचा तो स्पॅनिश नट' म्हणून रेयला करारबद्ध केलं. फ्रीडकिन विमानतळावर घ्यायला गेला तर समोर हा टोकदार दाढीचा, सभ्य गृहस्थ! 'बेल द झूर'मध्ये मी नव्हतोच, हे रेयनेच सांगितलं आणि दाढी काढायलाही नकार दिला. मग चौकशी केली तर राबाल मोकळा नव्हता आणि त्याला इंग्रजीही येत नव्हतं. राहिला रेय.

या गोंधळाने चित्रपटाचं भलंच झालं. रांगडा गुंड आला असता तर रस्त्यावरचा पोलीस आणि रस्त्यावरचा गुंड असा सरळ सामना झाला असता. रेयमुळे शार्निए, म्हणजे तो हेरॉइनचा व्यापारी, चांगल्या शिंप्याकडे कपडे शिवून घेणारा माणूस झाला आणि हॅकमनच्या डॉयल या पोलिसाचा अर्धा राग त्या ऐटीवरच आहे. शार्निए उपाहारगृहात निवांत बसून जेवतोय आणि डॉयल समोरच्या फुटपाथवर थंडीत कुडकुडत पिझ्झाचा तुकडा चावतोय, हा प्रसंग राबालला घेऊन असाच लागला असता का, शंका आहे.

चर्चेसाठी ग्रँड सेंट्रलच्या भुयारी फलाटावरचा प्रसंग दोनदा दाखवा. पहिल्यांदा हॅकमनकडे बघायला सांगा, दुसऱ्यांदा फक्त रेयच्या हातांकडे. गाडीत चढणं, उतरणं, परत चढणं, मिटणारं दार छत्रीने अडवणं आणि गाडी हलल्यावर बोटांनी केलेला तो बारीकसा टाटा. संवाद जवळजवळ नाहीत. शेवटी पुलावर डॉयल तोच टाटा त्याला परत करतो.

तिसऱ्या शनिवारी 'डिस्क्रीट चार्म' (१९७२, सुमारे १०१ मिनिटं). यात रेय मिरांदा नावाच्या काल्पनिक देशाचा राजदूत आहे आणि राजनैतिक टपालाच्या पिशवीतून कोकेन आणतो. आदल्याच वर्षी तो पडद्यावर हेरॉइन विकत होता. 'कनेक्शन' आधी दाखवला असेल तरच इथे हशा येईल. म्हणून सालवार लावायचा हट्ट नको.

---

ध्वनिपट्टी

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर जरा सविस्तर द्यावं लागेल, कारण रेयच्या बाबतीत प्रत निवडणं म्हणजे आवाज निवडणं.

तो आधी आवाजाचा माणूस होता. चाळीस-पन्नासच्या दशकांत स्पेनमध्ये परदेशी चित्रपट स्पॅनिशमध्ये डब करूनच दाखवायचे. १९४१ साली तशी सक्तीच झाली होती आणि सक्ती उठल्यावरही सवय राहिली. त्या धंद्यात रेयचा आवाज चांगलाच चालला. बर्लांगाच्या 'बिएनवेनिदो, मिस्टर मार्शल'मध्ये (१९५३) तो पडद्यावर येतच नाही, निवेदन मात्र त्याचं आहे. आणि हाच माणूस परदेशी चित्रपटांत गेला की त्याच्या तोंडी वारंवार दुसऱ्याचा आवाज बसवला गेला. ऑर्सन वेल्सच्या 'चाइम्स ॲट मिडनाइट'मध्ये (१९६५) तो वुस्टरचा उमराव आहे, इंग्रजी बोलणं दुसऱ्याचं. 'ऑब्स्क्युअर ऑब्जेक्ट'मध्ये (१९७७, सुमारे १०३ मिनिटं) तो पूर्ण वेळ पडद्यावर आहे आणि त्याचे फ्रेंच संवाद मिशेल पिकोलीने म्हटलेत.

आता तुमच्या यादीपुरतं :

'विरिदियाना' आणि 'एलिसा' स्पॅनिशच घ्या. दुसरा विचारच नको.

'त्रिस्ताना' (१९७०) ही स्पेन, फ्रान्स आणि इटलीची संयुक्त निर्मिती. स्पॅनिश पट्टीत रेयचा स्वतःचा आवाज, पण कॅथरीन दनव आणि फ्रँको नेरो डब केलेले. फ्रेंच पट्टीत दनवचा आवाज तिचा, रेयचा दुसऱ्याचा. कार्यक्रम दनववर असता तर फ्रेंच घ्या म्हटलं असतं. तुम्ही स्पॅनिश घ्या. गोष्ट स्पेनमधल्या तोलेदोत घडते, त्यामुळे कानालाही तेच बरं वाटतं.

'डिस्क्रीट चार्म' आणि 'ऑब्स्क्युअर ऑब्जेक्ट' फ्रेंच. 'ऑब्स्क्युअर'ला पिकोली आहे म्हणून बिचकू नका, बुन्युएलने चित्रपट तसाच बांधलाय. कोंचिताच्या एका भूमिकेत कॅरोल बुके आणि आंखेला मोलिना अशा दोन नट्या, आणि समोरच्या एका पुरुषात दोन माणसं, एकाचा चेहरा नि दुसऱ्याचा गळा.

ओठांवरून ओळखायला जाल तर फसाल. प, ब, म म्हणताना ओठ मिटले नाहीत की डबिंग, हा ठोकताळा हॉलिवूडच्या चित्रपटांना चालतो. स्पेन-इटलीत तेव्हा बरेचसे चित्रपट नंतर स्टुडिओत आवाज भरून पुरे व्हायचे, कित्येकदा त्याच नटाकडून. म्हणजे ओठ जुळले नाहीत तरी आवाज त्याचाच असू शकतो. त्यापेक्षा 'मिस्टर मार्शल'ची पहिली पाच मिनिटं डोळे मिटून ऐका. थोडा घोगरा, सावकाश, वाक्याच्या शेवटी खाली उतरणारा असा तो गळा आहे. तो कानात बसला की कुठल्याही प्रतीत तो आहे की नाही हे दोन वाक्यांत कळतं.

अजून एक खोच. युरोपात निघालेल्या जुन्या डीव्हीडींवर चित्रपट सेकंदाला २४ऐवजी २५ चौकटींनी पळतो. १०४ मिनिटांचा चित्रपट १०० मिनिटांत संपतो आणि आवाज किंचित वर चढतो. 'चार मिनिटं कापली' असा गैरसमज नेहमी होतो. कापलेलं काही नसतं. पण ज्या नटाचा गळा ऐकायचाय त्याच्या बाबतीत हे टाळलेलं बरं. ब्लू-रे घ्या, तिथे सहसा मूळ २४च असतात.

---

पडद्यामागून

दोघांचेही आभार. 'एलिसा' आत, 'कनेक्शन २' बाहेर. पण 'विरिदियाना'त रेय लवकर संपतो ना? पहिल्याच शनिवारी नायक अर्ध्या तासात गेला तर लोक म्हणतील, कार्यक्रम कोणावर आहे! आणि घोडेस्वारीपटांतली (वेस्टर्नमधली) त्याची कामं अगदीच सोडायची का?

---

तिसरी घंटा

संपतो खरा, पण त्याची दोरी शेवटपर्यंत राहते. दोन हाइमे मोलकरणीच्या मुलीला, रीताला, लाकडी मुठींची उड्या मारायची दोरी देतो. पुढे त्याच दोरीने गळफास घेतो. मुलगी त्याच झाडाखाली तीच दोरी घेऊन पुन्हा उड्या मारायला लागते. मग ती एका भिकाऱ्याच्या कमरेला पट्टा म्हणून येते, आणि तो विरिदियानावर तुटून पडतो तेव्हा तिच्या हाताला दोरीची मूठ लागते. प्रेक्षकांना आधीच सांगून ठेवा की दोरीवर लक्ष ठेवा. मग रेय गेला असं वाटणार नाही. गळफासाआधी पत्र लिहिताना तो हसतो, तेही बघायला सांगा. बुन्युएलने पुढे तीन चित्रपटांत रेयकडून जे वसूल केलं, त्याची बयाणा रक्कम त्या हसण्यात आहे.

बाकी चर्चेला साहित्य भरपूर. चित्रपटाला कान महोत्सवाचं सर्वोच्च पारितोषिक, सुवर्णताड, विभागून मिळालं, व्हॅटिकनच्या वृत्तपत्राने तो झोडपला आणि स्पेनमध्ये तो १९७७पर्यंत अधिकृतपणे दाखवता आला नाही.

'रीळ नंबर सात' यांच्या क्रमात 'त्रिस्ताना'ची जागा सांगायची राहिली. 'त्रिस्ताना' चौथा ठेवा पण घाईत उरकू नका. माझ्या मते रेयचं सर्वांत मोठं काम हेच. कादंबरी गाल्दोसची, १८९२ची. दोन लोपे हा पैसा नसलेला खानदानी माणूस: पाद्र्यांना शिव्या देणारा, दुबळ्यांची बाजू घेणारा आणि स्वतःच्या घरात पोरक्या मुलीला नासवणारा. रेय या तिन्ही गोष्टी एकाच सुरात करतो, त्यामुळे त्याचा रागही येतो आणि कीवही. उत्तरार्धात तोच दोन लोपे पाद्र्यांना घरी बोलावून गरम चॉकलेट पाजतो. बाहेर बर्फ पडतंय, तो पाहुण्यांना आग्रह करतोय, आणि बाजूच्या बोळात त्रिस्ताना कुबड्यांवर येरझाऱ्या घालतेय. ठक, ठक, ठक. माणूस हरल्याचं यापेक्षा सभ्य चित्रण मला माहीत नाही. हा प्रसंग चर्चेत पुन्हा लावा, आणि आवाज मोठा ठेवा, कुबड्या ऐकू यायला हव्यात.

शेवटचे दोन शनिवार मात्र मुद्दाम लागोपाठ ठेवा : 'ऑब्स्क्युअर ऑब्जेक्ट' आणि 'एलिसा'. दोन्ही १९७७चे. एकात रेयचं शरीर आहे नि आवाज नाही. दुसऱ्यात त्याच्या आवाजावरच चित्रपट उभा आहे. 'एलिसा'त तो कास्तिलच्या माळरानावर एकटा राहणारा लेखक बाप आहे, जेराल्डिन चॅप्लिन त्याची मुलगी. चित्रपट सुरू होतो तेव्हा बापाच्या आवाजात मुलीचं प्रथमपुरुषी निवेदन येतं. मी त्यांना बरेच दिवस भेटले नव्हते, या धर्तीचं बोलणं, आणि बोलतोय म्हातारा पुरुष. पहिली दहा मिनिटं गोंधळ उडतो. सबटायटल्स नीट नसतील तर तो गोंधळ शेवटपर्यंत राहतो, तेव्हा प्रत आधी पूर्ण तपासून घ्या. निवेदनाच्या ओळी गाळलेल्या किंवा उशिरा उमटणाऱ्या सबटायटल्सवर हा चित्रपट कळणारच नाही.

---

रीळ नंबर सात

'त्रिस्ताना'बद्दल मान्य.

घोडेस्वारीपटांचं : साठच्या दशकात स्पेन चित्रीकरणाला स्वस्त, ऊन भरपूर, आणि आल्मेरियाचं वाळवंट अमेरिका म्हणून खपायचं. बाहेरची मंडळी आली की इंग्रजी जाणणारा, घोड्यावर आणि झग्यात दोन्हीकडे शोभणारा स्थानिक नट लागायचा. तो रेय. 'रिटर्न ऑफ द सेव्हन'मध्ये (१९६६) पाद्री, त्याच मालिकेतल्या 'गन्स ऑफ द मॅग्निफिसंट सेव्हन'मध्ये (१९६९) क्रांतिकारकांचा पुढारी किंतेरो, 'नाव्हाहो जो'त रेव्हरंड, कोर्बुचीच्या 'कोम्पान्येरोस'मध्ये (१९७०) अहिंसावादी प्राध्यापक. पूर्ण लांबीचा शनिवार द्यावा असं यात काही नाही. 'कोम्पान्येरोस' त्यातल्या त्यात धमाल आहे, पण तिथे बघायचे ते फ्रँको नेरो आणि टॉमस मिलियन.

त्यापेक्षा इटलीतल्या कामाचा एक तुकडा दाखवा. लीना व्हर्टम्युलरच्या 'सेव्हन ब्यूटीज'मध्ये (१९७५) तो छळछावणीतला अराजकवादी कैदी पेद्रो आहे. छावणीच्या विष्ठेच्या हौदात तो स्वतःहून उडी घेतो, तो प्रसंग. शार्निए आणि राजदूत बघून झालेल्या लोकांना रेयचं हे टोक माहीतच नसतं. पण मंडळात जेवणानंतर कार्यक्रम असेल तर आधी सूचना द्या, प्रसंग पोटात ढवळणारा आहे.

---

बाल्कनी मोफत

'फ्रेंच कनेक्शन'च्या प्रतीबद्दल कोणी बोललं नाही म्हणून. दोन सापळे आहेत.

पहिला, २००९चा ब्लू-रे. फ्रीडकिनने त्यात रंग फिके करून वर वेगळा रंग चढवला होता; छायालेखक ओवेन रॉइझमनने त्यावर जाहीर टीका केली. २०१२मध्ये दोघांच्या देखरेखीखाली रंग दुरुस्त केलेली आवृत्ती निघाली, ती घ्या. वेष्टनावर साल बघितल्याशिवाय पैसे देऊ नका, आतली तबकडी जुनी निघते.

दुसरा, २०२३मध्ये काही स्ट्रीमिंग सेवांवर आणि वाहिन्यांवर आलेली प्रत. सुरुवातीच्या पोलीस ठाण्यातल्या संवादातले काही सेकंद गायब आहेत, त्यात डॉयलच्या तोंडचा वंशवाचक अपशब्द होता. कट इतका उघडा आहे की वाक्य तुटल्यासारखं वाटतं. रेयच्या प्रसंगांना धक्का नाही, पण डॉयल कसा माणूस आहे हे तिथेच कळतं, आणि तो तसा असल्याशिवाय समोरच्या शार्निएची सभ्यता टोचत नाही. तबकडीच वापरा.

---

तिसरी घंटा

कार्यक्रमपत्रिका लिहिताना नावांचा घोळ टाळा. फोटो शोधताना फर्नान्दो फर्नान गोमेसचे फोटो हमखास मध्ये येतात. तोही थोर नट, पण हा नव्हे. सेर्व्हान्तेसच्या कादंबरीचा नायक दोन किहोते, त्याच्यावरून तर गोंधळ ठरलेलाच. १९७३च्या कान्तिन्फ्लासबरोबरच्या चित्रपटात किहोते आहे फर्नान गोमेस. ऑर्सन वेल्सच्या अपुऱ्या राहिलेल्या चित्रपटात फ्रान्सिस्को रेइगेरा. आपला रेय १९४७च्या राफाएल खिलच्या 'दोन किहोते'त सान्सोन कारास्को होता, म्हणजे किहोतेला घरी परत आणू पाहणारा पदवीधर. स्वतः किहोते झाला तो थेट स्पॅनिश दूरदर्शनच्या मालिकेत. मानुएल गुतिएरेस आरागोनचं दिग्दर्शन, पाच भाग, किहोतेचा सेवक सांचो झाला आल्फ्रेदो लांदा, प्रक्षेपण १९९२. मालिकेत कादंबरीचा पहिलाच खंड आहे. दुसरा खंड २००२मध्ये चित्रपट म्हणून आला, तोवर रेय हयात नव्हता, म्हणून तिथे हुआन लुइस गालिआर्दो दिसतो. 'रेयचा किहोते' म्हणून त्याचं पोस्टर लावू नका.

परिचयात घालायला चार ओळी : जन्म २० सप्टेंबर १९१७, आ कोरुन्या. खरं आडनाव कासादो. वडील प्रजासत्ताकाच्या बाजूचे तोफखान्यातले अधिकारी. यादवी युद्धानंतर त्यांना मृत्युदंड सुनावला गेला होता, तो पुढे कमी झाला. मुलाचं वास्तुशास्त्राचं शिक्षण युद्धाने तुटलं, आणि पडद्यावर त्याने आईच्या घराण्यातलं 'रेय' हे नाव लावलं. युद्ध जिंकलेल्या हुकूमशहा फ्रँकोच्या काळात त्याच माणसाने इतिहासपटांत आल्बाचा ड्यूक ('एउखेनिया दे मोन्तिहो', १९४४) आणि देखणा फेलिपे राजा ('लोकुरा दे आमोर', १९४८) केला, ही गोष्ट एका वाक्यात तरी यायला हवी. स्पेनचं गोया चित्रपट पारितोषिक 'दिआरिओ दे इनविएर्नो'साठी. निधन ९ मार्च १९९४, माद्रिद.

---

पडद्यामागून

मग असं लावतोय : १. 'विरिदियाना', आधी 'मिस्टर मार्शल'ची पाच मिनिटं नुसता आवाज. २. 'फ्रेंच कनेक्शन', २०१२ची तबकडी. ३. 'डिस्क्रीट चार्म'. ४. 'त्रिस्ताना', स्पॅनिश. ५. 'ऑब्स्क्युअर ऑब्जेक्ट', फ्रेंच. ६. 'एलिसा', जादा अर्धा तास. 'सेव्हन ब्यूटीज'चा तुकडा चौथ्या शनिवारी चर्चेत.

---

ध्वनिपट्टी

तुकडा चौथ्याला नको, पाचव्याला न्या. चॉकलेटच्या प्रसंगानंतर लगेच हौद दाखवलात तर 'त्रिस्ताना'वर कोणी बोलणार नाही. आणि 'डिस्क्रीट चार्म'मध्ये टेबलाखाली लपलेला राजदूत वर हात घालून मटणाचा तुकडा ओढतो, तो प्रसंग जेमतेम काही सेकंदांचा आहे. हल्लेखोर शिरल्यावर लोकांचं लक्ष बंदुकांकडे असतं. चर्चेसाठी त्याची वेळ आधीच टिपून ठेवा.